घड्याळातली लाल फाक

काल्डाविक या आमच्या कोळ्यांच्या गावात माणूस गेला की घरची माणसं आधी साल्वरला फोन करतात आणि मग पाद्र्याला. पाद्री पगारी माणूस, तो कुठे पळून जाणार नाही. साल्वरचा दिवस मात्र धरून ठेवावा लागतो, कारण डोंगरापलीकडच्या खाडीतले लोकही तिलाच बोलावतात, आणि मरण्याच्या बाबतीत ते लोक आमच्यापेक्षा नेहमी एक पाऊल पुढे असतात.

तिने काय गायचं हे कुणी विचारत नाही. ते एकच गाणं. ‘कॉफी गरम ठेव’.

खरं म्हणजे हे गाणं दुःखाचं नाहीच, नाचायचं आहे. खलाशी घरी निघालाय आणि बायकोला सांगतोय, कॉफी गरम ठेव, बेटाला वळसा घातलाय, मोजे ओले झालेत, आलोच. साल्वरने ते मासे कापता कापता रचलं तेव्हा तिला शाळा सोडून फार दिवस झाले नव्हते. शहाणपणाचा एक शब्द त्यात सापडायचा नाही. पण पुढे कधीतरी आमच्या लोकांनी त्याची चाल संथ केली, ते चर्चच्या ऑर्गनवर बसवलं आणि मढ्यांना लावलं. साल्वर काळा ड्रेस घालून शवपेटीच्या डोक्याशी उभी राहते, ते म्हणते आणि खाली बसते. बायका डोळे टिपतात. मग खाली हॉलमध्ये कॉफी असते, धुरावलेलं मेंढीचं मटण घातलेल्या भाकऱ्या असतात, साखर पेरलेले पॅनकेक असतात, आणि तोंडात पॅनकेक घेऊन कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवतं. “साल्वर, माझ्या वेळीही तूच हं.”

“आधी मर तर खरा,” साल्वर म्हणते.

सगळे हसतात. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. राजधानीत राहून आलेली, रेकॉर्ड निघालेली, टीव्हीवर दिसलेली बाई. थोडी शिष्ट असायचीच, असं गावाने ठरवून टाकलंय.

गावात एकच बाई अशी होती जिने हे गाणं कधी मागितलं नाही. धक्क्याजवळच्या पिवळ्या पत्र्याच्या घरातली ओलिना. तिचा नवरा मत्तियास ‘स्वाला’ बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होता. ‘स्वाला’ बुडाली तेव्हा साल्वर एकोणीस वर्षांची होती आणि ओलिनाची मुलगी रूना अजून कडेवर होती. तेव्हापासून चाळीसेक वर्षं, जेव्हा जेव्हा गावात असायची तेव्हा, साल्वरने त्या पिवळ्या घराचा रस्ता टाळला. पण म्हातारपणी पोट भरायला तिला गावच्या पोहण्याच्या तलावावर खिडकीशी बसावं लागलं, आणि ओलिना रोज सकाळी गरम पाण्याच्या हौदात पाय शेकायला यायची. साल्वर कपाटाची किल्ली पुढे सरकवायची. “वारा फिरलाय,” ओलिना म्हणायची. “फिरलाय,” साल्वर म्हणायची. एवढंच बोलणं.

त्या हिवाळ्यात ओलिना यायची बंद झाली. मग रूनाचा फोन आला.

“आईला हॉस्पिटलातून घरी आणलंय. आता काही करण्यासारखं नाही म्हणाले. तिने तुला बोलावलंय गं. गाण्याचं ठरवायचं म्हणते. मला वाटलंच होतं, कधी ना कधी मागेल. लहानपणापासून आमच्या घरात तेच तर गाणं.”

साल्वरने येते म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती तलावाच्या मागच्या खोलीत, ओल्या टॉवेलांच्या ढिगावर जाऊन बसली. तिला ठाऊक होतं की आता पळायला जागा उरली नाही. ओलिनाच्या डोक्याशी उभं राहून ते गाणं म्हणायचं असेल, तर आधी ओलिनाला सांगायला हवं होतं की तिचा नवरा कसा गेला. आणि ओलिनाकडे दिवस थोडे होते.

*

ती गोष्ट अशी.

तेव्हा सहकारी गोदामाच्या माळ्यावर किनाऱ्याचं रेडिओ ठाणं होतं. ते साल्वरचा मामा केटिल चालवायचा. बोटींशी बोलणं, हवामान सांगणं, कुणी संकटात सापडलं तर पुढे कळवणं हे त्याचं काम. समोर भिंतीवर घड्याळ. अशा ठाण्यांच्या घड्याळांवर दोन लाल फाका रंगवलेल्या असायच्या, एक तास भरल्यावरची आणि एक अर्ध्या तासावरची. मिनिटकाटा त्या फाकेत शिरला की हाकेच्या लहरीवर, म्हणजे जिच्यावर सगळ्या बोटी हाका मारायच्या त्या रेडिओ-लहरीवर, सगळ्यांनी तीन मिनिटं तोंड बंद ठेवायचं. नुसतं ऐकायचं. कुणी बुडत असेल, त्याचा रेडिओ अशक्त असेल, बॅटरीत पाणी गेलं असेल, तर त्याची हाक त्या तीन मिनिटांत तरी कानावर पडावी. हा नियम दारुडे तांडेलही पाळायचे. देवाला शिव्या घालणारेही पाळायचे.

आणि नुसत्या बोटीच पाळायच्या असं नाही. आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ होता आणि बायका तो बोटींच्या लहरीवर लावून ठेवायच्या. बटाटे सोलता सोलता त्यांना कळायचं कुणाला किती कॉड मासा मिळाला, कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाला सर्दी झालीय. प्रत्येकीला आपल्या नवऱ्याचं खोकणं बरोबर ओळखू यायचं. काटा लालात गेला की स्वयंपाकघरंही गप्प व्हायची. पोर रडायला लागलं तर आई डोळे वटारायची, “लालात बोलू नकोस!” आमच्या गावातली पोरं ‘आई’ म्हणायच्या आधी गप्प बसायला शिकली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता आणि थंडी अशी की फवारा उडाला की दोरांवर जागच्या जागी बर्फ. बोटी लांबच्या कड्याखाली आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. खलाशी कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडत होते आणि तांडेल रेडिओवर एकमेकांचं डोकं खात होते. साल्वर मामाचं जेवण घेऊन माळ्यावर आली होती, उकडलेला हॅडक मासा आणि बटाटे. जेवणाची वेळ, बाहेर केव्हाचा काळोख.

“केटिल,” स्कूली तांडेलाचा आवाज आला, “तुझी भाची आली का रे? दारावर डबा आपटल्याचा आवाज आला.”

“आलीय. तुला काय करायचंय?”

“शनिवारी हॉलमध्ये म्हटलेलं ते म्हणायला लाव की तिला. कॉफीचं. इथे माणसं एकमेकांचा गळा धरायला लागलीत.”

“वेड लागलंय का? ही हाकेची लहर आहे.”

“अरे, सगळे आडोशाला बसलोत! हाक मारणार कोण? तुझी आजी?”

बाकीचे तांडेलही लागले ओरडायला. दुपारीच मत्तियासने कळवलं होतं की तोही कड्याखाली येतोय, म्हणजे सगळेच आले, असं सगळे धरून चालले. मत्तियास आपल्या गळांच्या दोऱ्या ओढून घ्यायला परत फिरला होता हे कुणाला माहीत नव्हतं. तिथे कोणता दिवा कुणाच्या बोटीचा, हे अंधारात कोण मोजत बसतं?

केटिल तसा कडक माणूस. पण भाचीचं कौतुक त्याला होतंच. त्याने बोलायचं बटण तिच्या हातात दिलं. “एकदाच. आणि लवकर.”

साल्वर गायली. डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरून, उभ्याने, बटण घट्ट दाबून. बटण दाबलेलं असलं की ठाण्याला काही ऐकू येत नाही. फक्त तिचा आवाज, सगळ्या समुद्रावर. संपल्यावर तिने बटण सोडलं तर पलीकडून शिट्ट्या, भांडी बडवणं, “पुन्हा! पुन्हा!” ती पुन्हा गायली. या वेळी शेवटच्या कडव्याच्या आधी तिची नजर घड्याळाकडे गेली. काटा लाल फाकेच्या कडेला टेकला होता. केटिलने हात वर केला, थांब. तो हात तसाच हवेत राहिला. आणि साल्वर एकोणीस वर्षांची होती, साऱ्या बोटी तिचं ऐकत होत्या, एकच कडवं उरलं होतं. तिने डोळे मिटले. डोळे उघडून पाहिलं तेव्हा मामाचा हात खाली आला होता आणि गुडघ्यावर ठेका धरत होता.

तिने बटण सोडलं तेव्हा कशाची तरी शेपटी कानावर आली. अर्धा शब्द, किंवा नुसती खरखर. केटिल एकदम उठला, कानावर यंत्र चढवलं. “कोण आहे? पुन्हा बोला. कोण आहे?”

कुणी बोललं नाही. बोटींवरही नाही. शिट्टी नाही, भांडं नाही. सगळा समुद्र एकदम गप्प झाला होता.

‘स्वाला’चं एक तरंगतं कडं आणि झाकणाची एक फळी मिळाली. माणसं पाच होती, एकही मिळालं नाही. बर्फाच्या वजनाने बोट उलटली तर वेळ मिळत नाही, मिळालाच तर एका हाकेपुरता. राजधानीतून चौकशीला माणसं आली. केटिलने सांगितलं, लहर मोकळी होती. त्यांनी तांडेलांना विचारलं. तांडेलांनी सांगितलं, मोकळी होती. साल्वर दाराशी उभी राहून वाट पाहत होती की आता कुणीतरी बोट दाखवेल. कुणी दाखवलं नाही. स्कूली तिच्या शेजारून जाताना टोपीला हात लावून गेला.

केटिलने पुढे घरात घड्याळच ठेवलं नाही. तो दारूने गेला, पण त्याला वेळ लागला. जाईपर्यंत भाचीशी तो या विषयावर एक अक्षर बोलला नाही.

*

साल्वरने त्याच वसंतात गाव सोडलं. पळायला म्हणून ती राजधानीत गेली, आणि जिथे गेली तिथे तेच गाणं तिच्या आधी पोचलं होतं. ह्यालमार नावाचा गिटारवाला होता, शनिवारच्या नाचांना वाजवायचा. त्याने तिला एका तळघरात नेऊन ‘कॉफी गरम ठेव’ची रेकॉर्ड काढली. खलाशांच्या घरच्यांसाठी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम लागायचा. त्यात आया, बायका, नव्या नव्या मैत्रिणी सगळ्या तेच मागायला लागल्या. अमक्या बोटीवरच्या अमक्याला, घरच्यांकडून. त्या उन्हाळ्यात देशात असं घर नव्हतं जिथे ते वाजलं नाही.

मग पुढची वर्षं बसमध्ये गेली. मागे ड्रम, पुढे साल्वर, डोक्यावर ओला तंबू. गावोगावचे हॉल, बाहेर गवतात बाटल्या आणि मारामाऱ्या, आत घामाने ओले शर्ट. तिने दुसरी गाणी केली, चांगली केली. लोक ती सहन करायचे, जेवणाआधी पाद्र्याचं बोलणं सहन करतात तशी, आणि मग ओरडायला लागायचे, “कॉफी! कॉफी!”

“मला हे नाही म्हणायचं,” तिने ह्यालमारला एकदा सांगितलं. तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं.

“का?”

तिला सांगता आलं नाही. ह्यालमार काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला सांगितलं तर तो त्याचीही जाहिरात करेल की काय, अशी भीती तिला वाटली.

“नको तर नको,” तो म्हणाला. “पण लोक त्यासाठीच येतात. बाकीची गाणी तू तुझ्या आईला ऐकवत जा.”

ती म्हणत राहिली. प्रत्येक वेळी शेवटचं कडवं आलं की तिचा आवाज फाटायचा. नेमकं तेच लोकांना आवडलं. वर्तमानपत्रात छापून आलं की असं काळजाला हात घालणारं शेवटचं कडवं आपल्या देशात आजवर कुणी म्हटलं नाही. हे वाचून ती नळाखाली डोकं धरून बसली होती.

टीव्हीवर तिला एकदा बोलावलं, खांद्यावर मासे पकडायचं जाळं टाकून उभं केलं. दुसरी रेकॉर्ड निघाली ती दुकानात धूळ खात पडली. ह्यालमार कोपनहेगनला एका तरुण आवाजाबरोबर गेला, तिकडेच राहिला. मग हॉटेलातल्या बारमध्ये गाणं, मग बारमध्ये नुसतंच बसणं. आई पडली तेव्हा ती काल्डाविकला परतली, मासे कापायच्या कारखान्यात उभी राहिली. कारखानाही गेला, मासेमारीचे हक्क दुसऱ्या गावाला विकले गेले, यंत्रं उचलून नेली. उरला तलाव आणि उरली प्रेतं. पहिल्यांदा कुणीतरी तिला चर्चमध्ये तेच गाणं म्हणायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, हा सूड आहे. नंतर कळलं, लोक ते मनापासून मागत होते. सूड परवडला असता, असं तिला वाटलं.

*

ओलिना खिडकीजवळच्या पलंगावर होती. बाई इतकी आटली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे मात्र तेच, तलावाच्या खिडकीतून वारा सांगणारे.

“कोट काढ,” ती म्हणाली. “का पळायच्या तयारीने आलीस? रूना, दुकानातून मलई आण.”

“आई, मलई आहे घरात.”

“मग अजून आण. पाहुणी आलीय.”

रूना हसली, साल्वरचा खांदा दाबून गेली. दार लागल्याचा आवाज आला. साल्वर खुर्चीच्या काठावर बसली. तिने वाटेत येताना वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“ओलिना, त्या संध्याकाळी मी लालात गायले. शेवटचं कडवं. काटा लालात होता आणि मी बटण सोडलं नाही. मत्तियासने त्याच वेळी...”

“माहीत आहे.”

साल्वरने तिच्याकडे पाहिलं.

“बघतेस काय अशी? रेडिओ होता की घरात,” ओलिना म्हणाली. तिला मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. “रूनाला दात येत होते. दिवसभर किरकिर, माझं डोकं उठलेलं. तू गायला लागलीस आणि ती गप्प झाली. मी आवाज वाढवला. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा तिला कडेवर घेऊन नाचले मी. चुलीवर बटाटे, आणि मी नाचतेय. घड्याळ समोर होतं. लाल दिसत होतं मला. मी म्हटलं, जाऊ दे, एक कडवं.”

“ओलिना...”

“थांब. मी मरतेय, माझं आधी. शेवटच्या कडव्यात रेडिओवर तुझ्या आवाजाच्या खालून दुसरा आवाज आला. माणसाचा. बारीक. मला वाटलं कुणी खलाशी तुझ्याबरोबर गातोय. मी रूनाला म्हटलं, बघ गं, कोण बेसूर गातंय.” ती पांघरुणाची कड बोटांत धरून होती. “माझा नवरा होता तो, साल्वर. खोकला तरी मी ओळखायची त्याला. आणि मी हसले.”

खाली धक्क्यावर कुणीतरी क्रेट ओढत नेत होतं.

“दुसऱ्या दिवशी मी स्कूलीच्या बायकोकडे गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, तिनेही ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलं होतं. घराघरात. बोटीबोटीत. तुला काय वाटलं, गाव तुला काही बोललं नाही ते प्रेमापोटी? तुला बोलायचं तर आधी स्वतःला विचारायला हवं होतं, बाई गं, तू तेव्हा काय करत होतीस? म्हणून सगळे गप्प. आणि ते गाणं मढ्यांवर घालत सुटले. चांगलं जाड पांघरूण आहे ते.”

साल्वरला रडू आलं नाही. तिला राग आला. “चाळीस वर्षं! आणि आता तलावावर रोज सकाळी टॉवेल घेऊन माझ्यासमोर यायचीस. वारा सांगायचीस मला. एक शब्द बोलली असतीस!”

“तू बोलायचं होतंस की. तुझं तोंड कुणी शिवलं होतं?”

साल्वरने उठून चुलीवरची कॉफी दोन कपांत ओतली, कारण काहीतरी करायला हवं होतं. ओलिनाला पिता येत नव्हतं. तिने कप नुसता छातीवर धरून ठेवला, ऊब लागावी म्हणून.

“रूनाला माहीत आहे?”

“कसं सांगू? त्याच गाण्यावर ती झोपायची. तिला गप्प करायचं दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. तिच्या पोरांनाही तिने तेच म्हणून वाढवलं.” ओलिनाने डोळे मिटले. “ऐक. माझ्या वेळी गायचं नाही.”

“बरं.”

“पण ये. नेहमीच्या जागी उभी राहा, आणि गाण्याएवढा वेळ गप्प राहा. पाद्र्याला सांगू नकोस, रूनाला सांगू नकोस. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, अजून पुष्कळ जिवंत आहेत. एकदा तरी या गावाने लालात गप्प बसावं. माझ्या मत्तियाससाठी. एवढं करशील?”

“करीन,” साल्वर म्हणाली.

रूना मलई घेऊन आली तेव्हा दोघींचे हात एकमेकींत होते. ते पाहून तीच रडायला लागली.

*

चर्च भरलं होतं. बाहेर ध्वज अर्ध्यावर, आत ओल्या कोटांचा वास. साल्वरने ऑर्गनवरच्या मास्तरला सांगून ठेवलं होतं, आज साथ नको. पाद्र्याने मान हलवली तशी ती उठली आणि शवपेटीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. हात समोर जुळवलेले. तोंड मिटलेलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. बाई श्वास घेतेय, असं वाटलं. मग कुणी खोकलं. मग मागच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या स्कूलीने डोकं वर केलं. त्याने साल्वरकडे पाहिलं, शवपेटीकडे पाहिलं, आणि सावकाश बाही मागे सारून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला. त्यांच्या पुढच्या बाकावरची म्हातारी, एके काळी चुलीशी बटाटे सोलणारी, तिची मान खाली गेली. मग आणखी एक. साल्वर एकेक चेहरा पाहत होती. हे होते ते सगळे. त्यांना कळलं होतं. पत्र्याच्या छपरावर वारा वाजत होता, भिंतीतला गरम पाण्याचा नळ टकटक करत होता, आणि साऱ्या गावात दुसरा आवाज नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं काहीतरी हललं. अजून थोडंसं, ती मनात म्हणाली. मत्तियास, बोल. आम्ही ऐकतोय.

पहिल्या बाकावर रूना होती. तिचा चेहरा रडून सुजला होता. ती साल्वरकडे एकटक पाहत होती आणि तिच्या नजरेत माया दाटली होती. साल्वरने किंचित मान हलवली, नको. रूनाला ते वेगळंच दिसलं. बिचारी म्हातारी, आईच्या आठवणीने कोसळली, शब्द सुचेनात तिला. रूना उठून उभी राहिली आणि हलक्या आवाजात तिने सुरुवात करून दिली.

“कॉफी गरम ठेव...”

तिच्या पोरांनी लगेच आवाज मिळवला, त्यांना ते पाळण्यापासून पाठ होतं. ऑर्गनवरच्या मास्तराचा जीव भांड्यात पडला, त्याने सूर धरला. मग मधले बाक. मग सगळं चर्च, तिला आधार द्यायला, मोठ्या मनाने, डोळ्यांत पाणी आणून. साल्वर जोरजोरात मान हलवत होती. तिला वाटलं आपण ओरडतोय, थांबा, पण त्या गाण्यात तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. तिने स्कूलीकडे पाहिलं. तू तरी. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, क्षणभर पाहतच राहिला. मग त्याने नजर खाली घातली आणि त्याचेही ओठ हलायला लागले.

शेवटचं कडवंही त्यांनी पूर्ण म्हटलं. कुणीच काही गाळलं नाही.

खाली हॉलमध्ये कॉफी होती, भाकऱ्या होत्या, पॅनकेक होते. रूनाने साल्वरला आपल्या शेजारी बसवून घेतलं. “होतं गं असं. मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही सगळे होतो ना?” तिने तिच्या पुढ्यात बशी सरकवली. “आई मला कडेवर घेऊन याच गाण्यावर नाचायची. तुला सांगितलं होतं का तिने?”

“सांगितलं होतं,” साल्वर म्हणाली.

स्कूली काठी टेकत आला. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “छान झालं. ओलिनाला आवडलं असतं.”

साल्वरने मान वर केली. “आजही लालात गायलास, स्कूली.”

त्याच्या हातातली कॉफी बशीत सांडली. तो काहीतरी म्हणणार होता, पण रूना तिथेच होती, आणि रूनाचा चेहरा बापासारखा आहे. त्याने कप टेबलावर ठेवला आणि कोट शोधायला गेला.

“काय म्हणालीस त्याला?” रूनाने विचारलं. “एवढा कशाने दचकला?”

साल्वरने तिच्याकडे पाहिलं. आता सांगता आलं असतं. अडवणारं कुणी नव्हतं. रूनाने पॅनकेकचा तुकडा मोडला होता आणि तो आपल्या धाकट्याला भरवता भरवता ती तेच गाणं गुणगुणत होती, आपण गुणगुणतोय हे तिच्या लक्षातही नव्हतं.

“काही नाही,” साल्वर म्हणाली. “किती वाजले, ते बोलत होतो.”

रूनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिला वेळ सांगितली.